पाठीवर सॅक, खिशात चौघे : प्राग ते ट्रिएस्ट

युरोपात एकटीने फिरून आले असं मी सगळ्यांना सांगते, पण ते तितकंसं खरं नाही. सॅक माझ्या एकटीच्या पाठीवर होती, बाकी प्रवास पाच जणांचा झाला. चौघे घरी बसून होते: रेल्वेवेडा, वकीलीणबाई, डॉक्टर आणि आमच्यातली धाकटी. रेल्वेवेडा खरं तर माझ्यासोबत येणारच होता. मार्ग त्यानेच आखला, गाड्या त्यानेच निवडल्या आणि ऐन वेळी त्याची रजा नामंजूर झाली. तेव्हा वकीलीणबाईंनी तोडगा काढला. प्रत्येकाने मला वाटेतलं एक काम सांगायचं, मी ते करायचं आणि रात्री आवाजी निरोपातून हिशोब द्यायचा. जागेचं नाव शोधल्यावर जो फोटो सगळ्यात आधी दिसतो, तो मात्र कुणीही मागायचा नाही.

फोनमधलं लोकेशनही चौघांना दिसेल असं ठेवलं होतं. सुरू केलं होतं ते आईच्या समाधानासाठी. आईने एकदाही उघडून पाहिलं नाही, हे चौघे मात्र त्यावरच तळ ठोकून बसले.

मार्ग असा: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, ल्युब्ल्याना, बोहिन्य, नोव्हा गोरित्सा, ट्रिएस्ट. आज हे पाच देश आहेत, १९१८ पर्यंत सगळा ऑस्ट्रिया-हंगेरीचा मुलूख होता. "सीमा बदलल्या, पण रूळ अजून जुन्या हिशोबानेच पडलेत," हे रेल्वेवेड्याचं म्हणणं. पाचही देश शेंगेनमध्ये असल्याने व्हिसा एकच लागतो. तो ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम असेल त्याच्याकडे मागायचा, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे.

शुक्रवार आणि शनिवार, प्राग

सप्टेंबर संपत आला होता. दुपारी ऊन छान लागायचं, पण सहा वाजले की जॅकेट हवंच. पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळासमोर उभी राहिले आणि चौघांना व्हिडिओ कॉल लावला. घरी साडेबारा वाजले होते, त्यामुळे सगळे डबे उघडून बसलेले. हे घड्याळ १४१० सालचं. तासाला सांगाडा दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात कार्यक्रम आटोपला. दोनशे माणसांनी फोन खाली केले आणि डॉक्टर घास गिळून म्हणाली, "एवढंच?"

मला विचाराल तर घड्याळ तासाच्या ठोक्याला पाहूच नये. गर्दी पांगली की त्याची तबकडी निवांत बघावी. सूर्य कुठल्या राशीत, चंद्र कुठे, सूर्योदय कधी, हे सगळं त्यावर दिसतं. सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे दातेरी चाकांवर बसवलं, यातली गंमत त्या बाहुल्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

धाकटीचं काम प्रागमधलंच होतं: "उलटा घोडा शोध." वेन्सेस्लास चौकात संत वेन्सेस्लासचा घोड्यावर बसलेला भव्य पुतळा आहे, तो सरळ. तिथून थोड्या अंतरावर लुत्सेर्ना नावाच्या जुन्या इमारतीत शिरलं की छतापासून मेलेला घोडा चारही पायांनी टांगलेला दिसतो आणि त्याच्या पोटावर तेच संत महाराज शांतपणे बसलेले असतात. दाविद चेर्नी या शिल्पकाराचा हा खट्याळपणा. ही इमारत बांधली ती पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या वात्स्लाव हावेल यांच्या आजोबांनी. घोड्याखाली एक आजोबा वर्तमानपत्र वाचत उभे होते. मी वाकून, आडवी होऊन फोटो काढतेय हे पाहून त्यांनी मला हाताने खूण केली, अजून डावीकडे ये. तिथून घोड्याची जीभ दिसते. फोटो पाठवला. धाकटीचा प्रश्न आला, "संत पडत कसे नाहीत गं?"

खाण्याचं सांगायचं तर चौकाचौकात दिसणारं त्रदेल्निक, म्हणजे दांड्यावर भाजलेलं साखरेचं गोल वेटोळं, पर्यटकांसाठीच आहे. प्रागचे लोक त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्याऐवजी साध्या खानावळीत जाऊन तळलेलं चीज मागावं, त्याला स्माझेनी सीर म्हणतात. जाड वडी, बाहेर कुरकुरीत, आत वितळलेली, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. शाकाहारी मंडळींना चेकियात हा मोठा आधार.

पैशांबद्दल. इथे युरो नाही, कोरुना चालते. "शून्य कमिशन" अशी पाटी लावलेल्या दुकानांत दरातच कमिशन दडलेलं असतं. एटीएम "तुमच्या चलनात हिशोब करू का?" असं विचारतं, तेव्हा नाही म्हणायचं आणि स्थानिक चलनच निवडायचं. ट्रामचं कागदी तिकीट घेतलं तर चढल्यावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खिशात आहे पण शिक्का नाही, तर दंड.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार्ल्स पुलावर गेले. १३५७ साली पाया घातलेला हा पूल दहा वाजता नुसता धक्क्याने ओलांडावा लागतो. साडेसहाला तिथे मी, लग्नाचे फोटो काढून घेणारी तीन जोडपी आणि झाडूवाला होतो.

रविवार, व्हिएन्ना

प्राग ते व्हिएन्ना चार तास. बोगीत डब्बल आरक्षण झालं, कुणाचंच काही बिघडलं नाही.

रविवारी व्हिएन्नात उतरू नका, किंवा उतरणार असाल तर खाऊ आधी घेऊन ठेवा. दुकानं बंद म्हणजे अगदी बंद. मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी असतात आणि अर्धं शहर तिथेच रांगेत असतं. मी रांग सोडली आणि रस्त्यावरच्या सॉसेजच्या टपरीवर केझेक्राइनर खाल्लं. आत चीज भरलेलं सॉसेज. पहिला घास सावकाश घ्यायचा, नाहीतर उकळतं चीज समोरच्याच्या शर्टावर जातं. माझ्या शेजारी ऑपेरातून आलेले, काळ्या सुटातले गृहस्थ उभे होते. ते आपोआप दोन पावलं मागे सरकले. अनुभवी माणूस.

पाणी विकत घेऊ नये. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं आणि ते बाटलीतल्यापेक्षा गोड लागतं. कॅफेत कॉफीसोबत पाण्याचा पेला न मागता येतो. एक मेलांज घेऊन दोन तास बसलं तरी वेटर उठवत नाही. फक्त बिल मागितल्याशिवाय तो देतही नाही, त्यामुळे गाडी गाठायची असेल तर वेळेत हाक मारावी.

सोमवार, व्हिएन्नाची स्मशानभूमी

डॉक्टर गेली काही वर्षं पियानो शिकतेय. तिचं काम: "बेटहोवनला जाऊन सांग, डावा हात अजून जमत नाही."

७१ नंबरची ट्राम रिंगरोडवरून निघते आणि बऱ्याच वेळाने मध्यवर्ती दफनभूमीपाशी पोचते. ही १८७४ साली सुरू झाली. अडीच चौरस किलोमीटर जागा, आत शहर बस फिरते आणि सुमारे तीस लाख माणसं इथे विसावलेली आहेत, म्हणजे आजच्या व्हिएन्नातल्या जिवंत माणसांहून जास्त. दुसऱ्या दारातून आत गेलं की थोड्या चालीवर ३२ अ हा विभाग लागतो. बेटहोवन, शूबर्ट, ब्राम्स आणि योहान श्ट्राउस सगळे हाकेच्या अंतरावर. बेटहोवन १८२७ मध्ये गेला तेव्हा ही जागा नव्हतीच. त्याला आणि शूबर्टला १८८८ साली दुसरीकडून इथे आणलं. मोझार्टचं मात्र इथे नुसतं स्मारक आहे.

निरोप दिला, मराठीत, हळू आवाजात. तेवढ्यात मागून एक बाई हिरवी झारी घेऊन आल्या. नवऱ्याच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायला त्या दर सोमवारी येतात म्हणे. माझ्या मोडक्या जर्मनमधून त्यांना काय समजलं देव जाणे, पण त्यांनी मला जुन्या ज्यू विभागाकडे नेलं. तिथे उंच गवत, वेलींनी झाकलेले दगड आणि त्यांच्या मधोमध चरणारी हरणं! राजधानीच्या शहरात, ट्राम थांब्यापासून चालत जाता येईल अशा जागी. आम्हाला पाहून एकाने मान वर केली आणि पुन्हा चरायला लागलं. त्या रात्री बेटहोवनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चौघांनाही हरणंच हवी होती.

मंगळवार आणि बुधवार, बुडापेस्ट

बुडापेस्टचं काम रेल्वेवेड्याचं: १८९६ सालची भुयारी रेल्वे. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही पहिली. आंद्राशी रस्त्याच्या पोटाखालून जाते आणि इतकी वरवर आहे की फूटपाथवरून थोड्या पायऱ्या उतरलं की थेट फलाटावरच. पांढऱ्या टाइल्स, लाकडी चौकटी, लोखंडी खांब आणि चिमुकले पिवळे डबे. त्याने आवाज मागितला होता, चित्र नको. म्हणून दरवाजे लागण्यापासून पुढच्या स्थानकापर्यंत सगळं ध्वनिमुद्रित करून पाठवलं. मधेच एका आजींनी शिंक दिली, तीही गेली. "शिंकेसकट ठेवणार आहे," त्याचं उत्तर. इथे तिकीट तपासनीस भलतेच तत्पर असतात, कागदी तिकिटावर शिक्का मारायला विसरू नका.

याच गाडीने सेचेनी स्नानगृहाच्या दारात उतरता येतं. १९१३ सालची पिवळी राजवाड्यासारखी इमारत आणि उघड्यावरचे गरम पाण्याचे हौद. हवा बारा अंश, पाणी अडतीसपर्यंत. वाफेत छातीइतक्या पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात हे ऐकलं होतं, ते खरंच निघालं. मी बघत उभी होते. एकाने प्याद्याकडे बोट दाखवून भुवई उडवली, चालू का? मी नको अशी मान हलवली. त्याने चाललंच, हरला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने हसला. टॉवेल आणि चप्पल बरोबर न्या, तिथे घेणं महाग पडतं.

खाणं: लांगोश. तळलेली पिठाची जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. एक दोघांना पुरतो.

बुधवारी संध्याकाळी संसदेजवळच्या डॅन्यूबच्या काठावर गेले. तिथे लोखंडी बूट आहेत, साठ जोड, बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे. १९४४-४५ मध्ये अॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना नदीकाठी उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. २००५ साली त्यांचं हे स्मारक झालं. लहान बुटांत कुणीतरी गोळ्या-चॉकलेटं ठेवली होती. त्या दिवशी निरोप पाठवला नाही, चौघांनीही विचारलं नाही.

गुरुवार, दिवसभर गाडीत

बुडापेस्ट ते ल्युब्ल्याना थेट गाडी आहे, पण दिवस खाते. डबा घेऊन बसा. माझ्यासमोर एक हंगेरियन आजी होत्या. आमची एकही भाषा जुळत नव्हती, तरी त्यांनी मला चार पोगाचा, म्हणजे चिजाच्या खाऱ्या छोट्या बिस्किटवजा पावरोट्या खायला लावल्या. बदल्यात मी त्यांना फोनवर व्हिएन्नाची हरणं दाखवली.

सीमा ओलांडल्यावर फोन वाजला. रेल्वेवेडा: "पुढे रुळांचं काम चाललंय. तुम्हाला उतरवून बसमध्ये घालणार आहेत. सॅक आत्ताच खाली काढ." गाडीत कुणाला पत्ता नव्हता. वीस मिनिटांनी घोषणा झाली, फक्त स्लोव्हेनियनमध्ये. डब्यातले सगळे परदेशी एकमेकांकडे बघत बसले, मी मात्र बूट बांधून दारात उभी. माझ्या मागे सहा जण आले, मला गाइड समजून. बसमध्ये मला खिडकी मिळाली ती अशी, हजारो किलोमीटर दूर बसलेल्या माणसामुळे.

शुक्रवार, ल्युब्ल्याना

मी उतरले ते हॉस्टेल पूर्वी लष्करी तुरुंग होता. युगोस्लाव्ह सैन्य गेल्यावर मेतेल्कोवाच्या छावणीत कलावंत घुसले आणि तुरुंगाचं २००३ साली हॉस्टेल झालं. कोठड्यांना गज अजून तसेच आहेत, आत प्रत्येक खोली वेगळ्या कलाकाराने सजवलेली. गजाआडून फोटो पाठवला. वकीलीणबाई: "जामिनाचं बघते, तोवर कुणाशी काही बोलू नकोस."

शहराच्या मध्यभागात २००७ पासून मोटारी बंद आहेत. त्याचा परिणाम कानाला आधी जाणवतो. पाऊलं ऐकू येतात, चमचे ऐकू येतात. प्लेच्निक नावाच्या वास्तुकाराने हे शहर जवळजवळ एकहाती घडवलं: तीन पूल एकत्र, नदीकाठचा बाजार, ग्रंथालय. ड्रॅगन पूल (१९०१) त्याचा नाही, पण सगळे फोटो त्याचेच काढतात.

शनिवार आणि रविवार, बोहिन्य

बसने जाताना ब्लेड सरोवरापाशी उतरले. बेटावरचं चर्च तुम्ही पाहिलेलं आहे, कॅलेंडरवर. तिथलं क्रेमना रेझिना खाल्लं: खाली-वर पापुद्रे, मधे कस्टर्ड आणि साय. १९५३ पासून तिथे या वड्या होतात. चांगलं आहे, अर्धं पुरतं.

बोहिन्य हे पुढचं सरोवर. ब्लेडहून मोठं, माणसं कमी आणि पाऊस भरपूर. शनिवारी दुपारी लख्ख होतं, डोंगर पाण्यात उलटे दिसत होते. रविवारी सकाळी खिडकी उघडली तर सरोवरच नव्हतं. ढग अंगणापर्यंत आले होते. तशीच सावित्सा धबधब्याला निघाले आणि तासाभरात बुटांत पाणी गेलं. धबधबा ७८ मीटरचा म्हणतात. मला त्यातले वीसेक दिसले, बाकीचे ऐकले.

घरमालकीणबाईंनी माझे बूट दारातच काढून घेतले, आत वर्तमानपत्र कोंबलं आणि तासातासाने ते बदलत राहिल्या. मला कुळिथासारख्या रंगाच्या बकव्हीटच्या कण्या आणि मशरूमची गरम ताटली दिली. डॉक्टरने फोनवर ताप आहे का, घसा दुखतो का हे विचारून घेतलं आणि शेवटी "त्या बाईंना माझा नमस्कार सांग" म्हणाली. सांगितला. बाईंनीही उलट सांगितला. या दोघी पुढे बराच वेळ माझ्यामार्फत बोलत होत्या, विषय सांधेदुखी.

बोहिन्यला जाणार असाल तर एक रात्र जास्तीची ठेवा. हवामान ठरवणार, तुम्ही नाही.

सोमवार, डोंगराच्या पोटातून सीमेवर

आख्ख्या प्रवासातला सगळ्यात सुंदर रेल्वेमार्ग हा, बोहिन्स्का बिस्त्रित्सा ते नोव्हा गोरित्सा, आणि त्याची जाहिरात कुठेच नाही. १९०६ साली सुरू झालेला. गाव सुटताच सहा किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. या बाजूला धो धो पाऊस होता, पलीकडे निघालो तर ऊन! पुढे सोचा नदी येते. तिचा हिरवा रंग फोटोत खोटा वाटतो म्हणून मी पाठवलाच नाही. शेवटी सोल्कानचा पूल. दगडी कमान, ८५ मीटरची, दगडी रेल्वे पुलांमध्ये जगात सगळ्यात मोठी. पहिल्या महायुद्धात ती उडवली गेली, १९२७ मध्ये पुन्हा बांधली. गाडीतून मात्र ती दिसत नाही, कारण तुम्ही तिच्यावरच असता. हे मी कुरकुरत सांगितलं तर रेल्वेवेडा म्हणाला, "खाली वाकून बघू नकोस म्हणजे झालं."

वकीलीणबाईंचं काम इथे होतं: एक पाय एका देशात, दुसरा दुसऱ्यात. नोव्हा गोरित्सा स्टेशनाच्या दारासमोरचा चौक अर्धा स्लोव्हेनियात, अर्धा इटलीत आहे. १९४७ च्या तहानंतर गोरित्सिया हे जुनं शहर इटलीत राहिलं, स्टेशन युगोस्लाव्हियात गेलं आणि मधून कुंपण पडलं. शहर गमावलेल्या बाजूने मग नवं शहरच बांधलं. कुंपण २००४ साली निघालं, आता तिथे जमिनीत गोल धातूची खूण आहे.

फोटो काढायला मी बाकावरच्या आजोबांना फोन दिला. त्यांनी फोटो काढला आणि १९५० सालची गोष्ट सांगितली. ऑगस्टातल्या एका रविवारी हजारो लोक सीमेवर जमले, पहारेकऱ्यांना आवरेनात आणि सगळे पलीकडे गोरित्सियात शिरले. दुकानदारांनी रविवार असून दारं उघडली. लोकांनी सगळ्यात जास्त काय घेतलं असेल? झाडू. युगोस्लाव्हियात झाडू मिळत नव्हते. आजोबा तेव्हा लहान होते, आईने आणलेल्या झाडूला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. वकीलीणबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना सीमाशुल्काचं काय झालं हे हवं होतं.

चौकात कुणी अडवत नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा. या सीमेवर इटली अधूनमधून तपासणी करते. इटलीचं स्टेशन चौकापासून बरंच लांब, गावाच्या पलीकडच्या टोकाला आहे.

सोमवार रात्र आणि मंगळवार, ट्रिएस्ट

गाडी डोंगरकडेने येते आणि उजवीकडे अचानक समुद्र. अकरा दिवसांच्या नद्या-तळ्यांनंतर मी डब्यात उभीच राहिले.

ट्रिएस्ट पाचशेहून जास्त वर्षं ऑस्ट्रियाचं बंदर होतं, त्यामुळे इमारती व्हिएन्नाच्या आणि आरडाओरडा इटलीचा. मुख्य चौक तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूला थेट पाणी. कॉफी मागायची रीत इथे वेगळी: नेरो म्हणजे एस्प्रेसो, कापो इन बी म्हणजे काचेच्या छोट्या पेल्यात थोडं दूध घातलेली. उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर महाग. जेवायला योता घेतलं, राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सूप. दिसायला यथातथाच, चवीला फार छान.

रेल्वेवेड्याने इथे दुसरं काम घुसवलं, नियम मोडून. मी आलेला डोंगरी मार्ग पूर्वी कांपो मार्त्सिओ नावाच्या स्टेशनात संपायचा, ते बघून ये. गेले. दर्शनी भाग बाहेरूनच पाहिला आणि कॉल लावला. त्याला दरवाजा, मग खिडक्या, मग खिडक्यांवरची नक्षी बघायची होती. बॅटरी चार टक्के उरेपर्यंत आम्ही भिंत बघत होतो. बाकीचे तिघे एकेक करून कॉलमधून पळाले.

फोन पुन्हा चालू झाला तेव्हा धाकटीचे आठ निरोप येऊन पडले होते. पुढच्या उन्हाळ्यात तीच वाट धरायचं तिने ठरवलंय. व्हिसा, खर्च, सिमकार्ड (युरोपीय संघातल्या एका देशात घेतलेलं बाकीच्यांतही चालतं) हे सगळं खाली होतं. सगळ्यात वर एकच प्रश्न: बूट किती जोड न्यायचे? एकच ने म्हटलं, आणि बोहिन्यच्या बाईंचा पत्ता दिला.